यादीतली न दिसणारी अक्षरं: कुठली काढायची आणि कुठली राहू द्यायची



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकांची यादी कमांड लाइनवर साफ करून बघितली. व्हिडिओत हात भरभर चालतात, कारणं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून ती इथे लिहितो. व्हिडिओ शेजारी उघडा ठेवा. कमांड जशीच्या तशी स्क्रीनवर आहे, तिथे थांबवून टाईप करा.

समजा, तुम्ही समुद्रपूरकडची वायगाव हळद पाकिटं भरून विकता. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. नाव, मोबाईल, पिन, पत्ता कॉपी करून तुम्ही एक्सेलमध्ये टाकता, सीएसव्ही फाइल करता आणि कुरिअरच्या पोर्टलवर चढवता. पोर्टल म्हणतं, ओळ ४७ मधला मोबाईल चुकीचा. तुम्ही मोजता, तर आकडे बरोबर दहा. वर्गात हे दाखवलं की कुणीतरी हमखास म्हणतंच, "सर, दहाच तर आहे न!" डोळ्यांना दहाच आहेत. फाइलमध्ये बारा आहेत.

फोनमधल्या संपर्कातून नंबर कॉपी केला की कधी कधी त्याच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन युनिकोड चिन्हं चिकटून येतात: २०२ए आणि २०२सी. मजकूर डावीकडून उजवीकडे वाचायचा, एवढंच ती संगणकाला सांगतात. छापली जात नाहीत, पण मोजली जातात. वेबपेजवरून कॉपी केलं की २००बी येतं, म्हणजे शून्य रुंदीची जागा. किंवा ००ए० येतं. ही दिसायला साधी स्पेस, पण संगणकाच्या लेखी वेगळीच. विंडोजची फाइल असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ नंबरचं कॅरेज रिटर्न असतं. शेवटच्या रकान्यात पिन असला, तर ४४२००१ चे सहाचे सात होतात.

एक्सेलमध्ये क्लीन नावाचं सूत्र आहे. पण ते फक्त ० ते ३१ क्रमांकाची जुनी नियंत्रण चिन्हं काढतं. वर सांगितलेलं २००बी किंवा २०२ए त्याच्या हाताला लागत नाही. म्हणून कमांड लाइन.

विंडोज लॅपटॉपवर गिट बॅश टाका. फुकट आहे आणि लागणारी सगळी अवजारं त्यातच येतात. आधी मूळ फाइलची नक्कल काढा. ही सवय गल्ल्याला कुलूप लावण्यासारखी अंगवळणी पडली पाहिजे.

आता पहिली कमांड, टीआर. इंटरनेटवर शोधलं तर एक उत्तर सगळीकडे सापडतं: टीआरला वजा सीडी देऊन "प्रिंट" हा वर्ग सांगा, म्हणजे छापता येणारं तेवढं ठेव आणि बाकी काढ. इंग्रजी फाइलला ठीक आहे. आपल्या फाइलवर चालवू नका! गिट बॅशमधला टीआर अक्षर बघत नाही, बाइट बघतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, "हळद" म्हणजे नऊ बाइट. ते सगळे १२७ च्या वरचे, आणि टीआरच्या हिशेबात छापता न येणारे. परिणाम काय? सगळी मराठी नावं गायब, उरतात फक्त इंग्रजी आकडे आणि स्वल्पविराम. ओळ संपल्याची खूणही "छापता येणाऱ्या"त बसत नाही, त्यामुळे पूर्ण यादी एका ओळीत येते.

मग काय करायचं? काय ठेवायचं ते न सांगता, काय काढायचं ते नाव घेऊन सांगायचं. टीआर, वजा डी, आणि अवतरणात अष्टमान पद्धतीने ००० ते ०१०, मग ०१३ ते ०३७, शेवटी १७७. यातून ०११ म्हणजे टॅब आणि ०१२ म्हणजे नवी ओळ मुद्दाम वगळली आहे. ०१५ म्हणजे ते कॅरेज रिटर्न, तेही या पट्ट्यात निघून जातं. देवनागरीच्या बाइटला धक्का लागत नाही.

टीआरला फाइलचं नाव थेट देता येत नाही. डावीकडे टोक असलेल्या कोनाने मूळ फाइल आत द्यायची, उजवीकडे टोक असलेल्या कोनाने नवीन फाइलमध्ये बाहेर काढायची. नवीन म्हणजे नवीनच. दोन्हीकडे एकच नाव दिलं तर शेल आधी ती फाइल रिकामी करतं आणि मग वाचायला घेतं. यादी शून्य.

युनिकोडवाली चिन्हं टीआरने निघत नाहीत, त्याला सेड किंवा पर्ल लागतं. व्हिडिओत पर्ल वापरलं आहे: २००बी, २००ई, २००एफ, २०२ए ते २०२ई काढायचे आणि ००ए० च्या जागी साधी स्पेस टाकायची. फाइलच्या अगदी सुरुवातीचं एफईएफएफ, ज्याला बीओएम म्हणतात, त्याचं मात्र ठरवावं लागतं. पोर्टलवर चढवताना काढा, नाहीतर पहिल्या रकान्याचं शीर्षक त्याला ओळखू येत नाही. फाइल परत एक्सेलमध्ये उघडायची असेल तर राहू द्या. ते नसलं की बऱ्याचदा एक्सेल मराठीचा चुरा करतं.

बघा, वरच्या यादीत मी २००डी घेतलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं, रुंदी नसलेलं चिन्ह. इंग्रजीवाल्यांसाठी तो कचरा. आपल्यासाठी नाही.

मराठीतला "ऱ्य" किंवा "ऱ्ह" फाइलमध्ये दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मग २००डी. दिसायला दोन्ही सारखेच. दुसऱ्या प्रकारातून २००डी काढलं की अर्धा र उडतो आणि वर रफार चढतो. "दऱ्या"चा होतो "दर्या", डोंगरातून थेट समुद्रात. "वऱ्हाडी मसाला" होतो "वर्हाडी". तुम्ही केटरिंगवाल्यांसाठी पाच किलोचं पाकीट काढलं, लेबलवर "आचाऱ्यांसाठी" लिहिलं आणि छापून आलं "आचार्यांसाठी", तर छापखाना पैसे परत देत नाही. फाइल तुम्हीच दिलेली असते.

म्हणून क्रम असा: आधी सेडने र, हलंत, २००डी या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत बसवा. तसंच अ, २००डी आणि ॅ यांच्या जागी एकच अक्षर ॲ. ते युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र आहे. यानंतरही फाइलमध्ये २००डी किंवा त्याचा भाऊ २००सी दिसला, तर नाव-पत्त्याच्या रकान्यात त्याला हात लावू नका. कुणी "सद्गुरू"मधला द मुद्दाम पाय मोडून लिहिला असेल, तो तसाच राहू द्या. मोबाईल, पिन, जीएसटी क्रमांक या रकान्यांत मात्र दोन्ही बिनधास्त काढा.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेव वगैरेत, टाईप केलेली यादी असेल तर यातलं काहीच लागू नाही. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा.

शेवटी तपासणी. डब्ल्यूसी वजा एल आधीच्या आणि नंतरच्या फाइलवर चालवा, ओळींची संख्या सारखीच आली पाहिजे. मग ऑक. स्वल्पविरामाने रकाने तोडायचे आणि ज्या ओळीत दुसऱ्या रकान्याची लांबी १० नाही ती ओळ दाखव, असं सांगायचं. पत्त्यात स्वल्पविराम असतात, म्हणून मोबाईल आणि पिनचे रकाने पत्त्याच्या आधी ठेवा, नाहीतर ऑकची मोजणी सरकते. पिनला ६, आयएफएससीला ११, जीएसटी क्रमांकाला १५ अशीच कमांड चालते. पहिली ओळ शीर्षकाची असल्याने ती जवळजवळ नेहमी दिसेल, ती सोडा. बाकी एकही ओळ आली नाही, तर फाइल पोर्टलवर चढवा. आलीच, तर त्या ओळीतला आकडा कॉपी-पेस्ट न करता हाताने टाईप करा.