मळाची तजवीज

जेबेल अलीच्या शेजारी १९९७ साली स्थापन झालेल्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील एका कारखान्याची तक्रार माझ्याकडे आली, तेव्हा तिचे स्वरूप मला परिचित होते: प्लेट हीट एक्स्चेंजर नवा, त्याचे क्षेत्रफळ गरजेहून कितीतरी अधिक, आणि तरीही उन्हाळा लागताच यंत्रांकडे जाणारे पाणी हवे तेवढे थंड होईनासे झालेले. व्यवस्थापकांचा आग्रह आणखी प्लेटा चढविण्याचा होता. मी आधी खरेदीचे दप्तर मागविले.

निविदेच्या तपशिलात मळाच्या उष्णतारोधाची तजवीज म्हणून दोन्ही बाजूंना ०.०००१७६ हा अंक घातलेला होता. तो 'टेमा' या अमेरिकन संस्थेच्या, नळ्यांच्या एक्स्चेंजरांसाठी केलेल्या कोष्टकांतला. स्वच्छ प्लेटांचा उष्णतासंक्रमण-गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला ५,००० वॅट धरला, तर त्याचा व्यस्तांक ०.०००२ येतो, त्यात मळाचे दोन्ही हिस्से मिळविताच बेरीज ०.०००५५ होते आणि गुणांक १,८००च्या आसपास उतरतो. क्षेत्रफळ मग पावणेतीन पट लागते. कागदावर ही सावधगिरीच दिसते. परंतु प्लेटांमधील वाटा परस्परांना समांतर असल्यामुळे, त्यांची संख्या वाढली की प्रत्येकीतला वेग त्याच प्रमाणात मंदावतो, आणि पृष्ठभागावरील मळ ओढून नेणारे घर्षणबल तर वेगाच्या जवळजवळ वर्गानुसार घटून येथे एक-षष्ठांशावर आलेले असते. कूलिंग टॉवरच्या पाण्यात वाऱ्याने उतरलेली बारीक वाळू, संथ झालेल्या नदीने गाळ टाकावा तशी, त्या वाटांत बसली होती. मळासाठी राखलेली जागा मळानेच व्यापली, हे मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे की, प्लेटांच्या मागणीपत्रात नळ्यांचा मलरोध कदापि उतरवू नये. दहा ते वीस टक्के जादा क्षेत्रफळ सामान्यतः पुरते, आणि पंपाकडून मिळणारा दाब शक्य तितका वेगासाठी खर्ची घालावा.

चालू यंत्राची परीक्षा करताना प्रथम गरम बाजूने दिलेल्या आणि थंड बाजूने घेतलेल्या उष्णतेचा हिशेब जुळतो की नाही, याची खातरजमा करावी. न जुळल्यास आधी मापकयंत्रांवर संशय घ्यावा. डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या जोडणीत दोन प्रवाहांतील अंतर पुष्कळदा एखाद्या अंशाचेच असते, आणि तेथे अर्ध्या अंशाची चूक गुणांकाचा निष्कर्षच निकामी करते. पाण्याचा प्रवाह पूर्वीइतकाच असून उष्णता कमी उतरते आणि दाबातील घटही वाढली आहे, असे आढळल्यास मळ धरावा. दाबातील घट उतरली असेल, तर पाणीच कमी येत आहे काय, ते पाहावे.

त्या कारखान्यात आम्ही प्लेटा धुवून त्यांतील बऱ्याच काढून टाकविल्या. ते करताना वाटांचा क्रम बिघडू नये, यासाठी निर्मात्याचा आराखडा समोर असावा, आणि उरलेल्या संख्येप्रमाणे आवळणीची लांबी नव्याने काढावी; जुन्याच मापावर थांबल्यास प्लेटा सैल राहून गॅस्केटांतून पाणी गळते.