विकत घेतलेलं गाणं कुणाचं?

गाणं 'विकत घेणं' म्हणजे नेमकं काय घेणं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. वरवर तो कायद्याच्या तासाला शोभेल असा दिसतो, पण आहे आपल्या खिशातल्या मोबाइलचा.

सुरुवात आपल्याच भागापासून करते. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्याला पैसा लागणार होता, म्हणून त्याच वर्षी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. तो घडवून आणण्यात पुढे होते संगीतकार सुधीर फडके, आणि ते स्वतः लढ्यातही उतरले. अथालला राहणाऱ्या आम्हाला हे ऐकून माहीत असतं. त्याच्या पुढचं वर्ष मात्र आपण विसरतो. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग. दि. माडगूळकर आणि फडके यांचं 'गीतरामायण' सुरू झालं. एकूण छप्पन्न गाणी, आठवड्याला एक नवं. रेडिओवर वाजलेलं गाणं हवेत विरून जायचं, ते घरी ठेवायची सोय नव्हती. तेव्हा पुण्यातली वर्तमानपत्रं प्रत्येक नव्या गाण्याचे शब्द छापू लागली. सूर नाही तर निदान शब्द तरी जवळ राहू देत! गाणं नुसतं ऐकून माणसाचं भागत नाही, ते आपल्यापाशी असावं असं त्याला वाटतं. आजचा सगळा वाद या 'आपल्यापाशी'वरच आहे.

पुढे कॅसेट आली आणि दुकानात कोरी कॅसेट देऊन आवडीची गाणी 'भरून' घ्यायची पद्धत पडली. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. हे चोरीचं आहे असं घेणाऱ्याला फारसं वाटत नसे. दुकानदाराला पैसे दिले ना, झालं! पण त्यातला एक पैसाही गायक, कवी, संगीतकाराकडे जात नव्हता, हेही तितकंच खरं. त्यामुळे कंपन्यांची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांचा उपाय चुकला.

तो उपाय म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, थोडक्यात डीआरएम. त्याचं काम सोपं आहे. गाण्याची फाइल सांकेतिक रूपात बंद केलेली असते. ती उघडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून येते. आपण गाणं लावलं की प्लेअर पाहतो, या माणसाला, या यंत्रावर परवानगी आहे का? असेल तर गाणं वाजतं, नाहीतर नाही. ॲपलने २८ एप्रिल २००३ ला आयट्यून्सचं दुकान उघडलं तेव्हा एक गाणं ९९ सेंटला मिळे, पण असंच कुलूप लावून. पुढे मर्यादा ठरली पाच संगणकांची. सोनी बीएमजीने तर २००५ मध्ये कमालच केली. त्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक छुपं सॉफ्टवेअर आपोआप आत जाऊन बसायचं. बोंब झाल्यावर त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. गंमत बघा, फुकटात कॉपी मिळवणाऱ्याला यातला काहीच त्रास नव्हता. त्रास होता पैसे मोजून सीडी आणणाऱ्याला.

आता दोन दुकानांची गोष्ट सांगते. मला या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली.

पहिलं याहूचं. त्यांनी २००८ मध्ये आपलं संगीताचं दुकान आवरलं आणि ३० सप्टेंबरनंतर किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे गाणी जुन्या संगणकावर वाजतील, पण संगणक बदलला की विकत घेतलेली गाणी मुकी. ग्राहक चिडले, तेव्हा कंपनीला भरपाई द्यावी लागली. दुसरं दुकान आपल्या देशातलं, फ्लिपकार्टचं 'फ्लाइट'. ते २०१२ मध्ये सुरू झालं आणि जून २०१३ मध्ये बंद पडलं. धंदा चालला नाही. पण तिथे साध्या एमपीथ्री फाइली मिळत, कुलूप नव्हतं. दुकान गेलं तरी ज्याने गाणी उतरवून ठेवली त्याची ती आजही वाजतात. दोन्हीकडे ग्राहकाने पैसे दिले होते; एकाला वस्तू मिळाली, दुसऱ्याला नुसती परवानगी.

ॲपलनेही जानेवारी २००९ मध्ये आपल्या गाण्यांवरची कुलपं काढायचं जाहीर केलं. डिसेंबर २०१२ मध्ये ते दुकान भारतात आलं ते बिनकुलपाची गाणी घेऊनच.

मग लोक जिंकले का? मला तसं वाटत नाही. आज आपण गाणी विकत घेतच नाही, महिन्याचे पैसे भरतो. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या ॲपबाहेर वाजत नाही, आणि पैसे भरायचे थांबले की तेही बंद. माझ्या मावशीने भजनांची मोठी यादी अशीच जमवली होती. रिचार्जची मुदत संपली आणि एका सकाळी यादीतलं एकही भजन लागेना. तिचं म्हणणं, "अगं, मी तर ती उतरवून ठेवली होती ना!" आयट्यून्सच्या पाच संगणकांपेक्षा हे कुलूप कडक आहे, तरी त्याविरुद्ध कुणी ओरडत नाही. स्वस्त आहे आणि रोज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. सारेगामाचं 'कारवां' घ्या. २०१७ मध्ये आलेल्या या रेडिओसारख्या पेटीत पाच हजार गाणी भरलेली असतात. ती बाहेर काढायची सोय नाही, पण आजी-आजोबांनी ती आनंदाने घेतली. मालकाचं घर बंद पडलं तरी पेटी वाजत राहते, हा फरक मात्र लक्षात घ्या.

राहता राहिला कायदा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे 'हेतू' हा शब्द मोलाचा आहे, कारण कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडणं या कलमात गुन्हा ठरत नाही. शिवाय कलम ५२ खासगी वापराला आणि संशोधनाला उचित मर्यादेत मोकळीक देतं. आपल्या मंडळात कुणी जुन्या भावगीतांवर प्रकल्प करणार असेल, तर ही दोन्ही कलमं मूळ मसुद्यात शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आणि गाणं घेताना 'बाय'चं बटण दाबण्याआधी फाइल हातात मिळणार की नुसती परवानगी, ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही.