पार्टिशन घालण्याआधी

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, डेटाबेसातलं बिलांचं टेबल फार जड झालंय, पार्टिशन घालून टाकते." ते 'घालून टाकते' ऐकून माझ्या पोटात धस्स झालं. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळी उठून लिहायला बसले.

धस्स का झालं ते ऐक. नामपल्लीत राहतेस, नुमाईश काय ते तुला मी सांगायला नको. ते प्रदर्शन एरवी १ जानेवारीलाच उघडतं. अशाच एका १ जानेवारीला पोरांना घेऊन तिकिटाच्या रांगेत उभी होते आणि ऑफिसातून फोन आला, एकही बिल होत नाहीये. वर्षावार पार्टिशनं मीच केली होती आणि शेवटचं ३१ डिसेंबरला संपत होतं. नव्या वर्षाच्या ओळीला टेबलात जागाच नव्हती. मायएसक्यूएल १५२६ क्रमांकाची एरर देऊन प्रत्येक बिल परत पाठवत होतं. रांग सोडून घरी परतले. धाकटीनं वाटेत एक शब्द काढला नाही, ते अजून सलतं.

तेव्हा शेवटी 'मॅक्सव्हॅल्यू'चं, म्हणजे मर्यादेपुढचं सगळं पोटात घेणारं, एक पार्टिशन ठेवच. पण सगळं त्यातच साठू देऊ नकोस. नोव्हेंबरात, ते रिकामं असतानाच, त्यातून पुढचं वर्ष वेगळं काढ. एकदा भरलं की ओळी हलवाव्या लागतात आणि टेबल ताटकळतं.

मायएसक्यूएल वर्कबेंचमधलं काम तसं थोडकंच आहे. टेबल उघड, खालच्या 'पार्टिशनिंग' टॅबवर जा, 'एनेबल पार्टिशनिंग'ला खूण कर, 'पार्टिशन बाय'मध्ये रेंज निवड आणि शेजारी तारखेच्या कॉलमचं वर्ष दे. मग 'मॅन्युअल'ला खूण केलीस की खालच्या तक्त्यात नावं आणि मर्यादा स्वतः भरता येतात. इथं फार जण चुकतात. मर्यादेचा आकडा त्या पार्टिशनमध्ये धरला जात नाही. २०२४च्या बिलांसाठी २०२५ लिहायचं.

आता खरं दुखणं ऐक. तुझी प्रायमरी की नुसता बिल क्रमांक आहे. ज्या कॉलमवर पार्टिशन, तो प्रत्येक युनिक कीमध्ये असावाच लागतो, नाहीतर सर्व्हर १५०३ म्हणून अडतो. तू तारीख कीमध्ये घालशील, पण मग तोच बिल क्रमांक दुसऱ्या तारखेला पुन्हा पडला तर टेबल हूं की चूं करणार नाही. शिवाय इनोडीबीमध्ये पार्टिशन आणि फॉरेन की एकत्र नांदत नाहीत. ग्राहकांच्या टेबलाशी जोडलेली ती रेघ तुला पुसावी लागेल, आणि नसलेल्या ग्राहकाच्या नावावर बिल फाडलं गेलं तरी अडवणारं कुणी उरणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं गं, वेगापेक्षाही.

जुनी वर्षं दरसाल काढून टाकायची असतील तर पार्टिशन सोन्यासारखं. अख्खं वर्ष एका आज्ञेत जातं. पण तुझी तक्रार ग्राहकाच्या नावानं शोधताना वेळ लागतो, हीच ना? त्या शोधात तारीखच नाही, म्हणजे सगळी पार्टिशनं चाळली जाणार. 'एक्सप्लेन' लावून 'पार्टिशन्स'चा रकाना बघ, कळेल. तिथं ग्राहकाच्या कॉलमवर इंडेक्स हवाय.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये, इंडेक्स आधी लावून बघू. तोवर त्या 'एनेबल पार्टिशनिंग'च्या खुणेला हात लावू नकोस.