नवी उधळी, जुनी गॅरंटी

दसरा झाला की आमच्या मूलमध्ये घरांची सगळी कामं एकदम अंगावर येतात. पावसाळ्यात फुगलेली दारं ओढल्याशिवाय लागत नाहीत, भिंतींना खालून ओल चढलेली असते, सांदवाडीतलं गवत कमरेला लागतं आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली असते. नेमका याच वेळी हलका धान कापणीला येतो. मिस्त्री, रंगारी, मजूर, सगळे बांधीत. धान निघाला की मंडया, म्हणजे गावजत्रा, आणि मंडयांबरोबर नाटकं. वडशाच्या कंपन्यांचे प्रयोग रात्रभर चालतात, त्यामुळे रंगारी आला तरी डोळे चोळत येतो आणि दुपारी शिडीखालीच झोपतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. नाटकाला मीही जातो. तक्रार आहे ती या टंचाईच्या दिवसांत 'मी आहो ना जी' म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या एका माणसाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही. प्रकरण चालू आहे.

देवघराच्या चौकटीवर मातीची बोटभर रुंद रेघ दिसली तेव्हा आमच्याकडे रंगाचं काम काढायचं ठरलंच होतं. उधळी, म्हणजे वाळवी. रंगाआधी तिचा बंदोबस्त झाला पाहिजे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हा गृहस्थ शेजारच्या घरी काम करून निघत होता. त्यानं रेघ नखानं फोडून दाखवली, आतली पांढरी वळवळ दाखवली, आणि मान हलवून म्हणाला, "गुरुजी, आता नाही केलं तं होळीपर्यंत दार हातात येईन. दाहा सालाची गॅरंटी देतो, छापील."

मी विचारलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुण्याचा धाकटा अजूनही म्हणतो की बाबांनी काही विचारलंच नसणार. औषध कोणतं, विचारलं. 'इम्पोर्टेड' असं उत्तर आलं. भोकं पाडणार का, विचारलं. 'पाडतो ना जी, फूट-फूट अंतरावर.' पावती देणार का? 'काम झाल्यावर.' १४,००० रुपये ठरले, निम्मे आधी. दोन पोरं घेऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. ड्रिल मशीन दिवसभर घरघरत होती. घरात रॉकेलचा इतका वास सुटला, की सौ.नी स्वयंपाक छपरीत हलवला. देवघराच्या चौकटीवर त्यानं पिचकारी मारली तशी उधळी आमच्यादेखत पटापट गळून पडली. आम्ही सगळे खूश. संध्याकाळी भोकांवर पांढऱ्या सिमेंटचे टिकले लावून झाले. मी ते मोजलेही. संख्या बरोबर होती.

उरलेले निम्मे पैसे मी आठ दिवस थांबवणार होतो. पण त्यानं काम सुरू असतानाच धाकट्याचा नंबर सौ.कडून घेतला होता. 'तुमच्या बाबांजवळ सुट्टे नाहीत' असं काहीतरी सांगून रात्री त्याच्याकडून ऑनलाइन पैसे घेतले. मला हे कळलं तेव्हा दिवाळीचे दिवे लागले होते.

जून लागला. पहिला दमदार पाऊस झाला त्या रात्री ट्यूबलाइटखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडला. बाहेरून येतात म्हणून आम्ही खिडक्या लावल्या. सकाळी झाडताना पाहिलं, तर पंखांचा ढीग बंद खोलीतल्या भिंतीच्या कोपऱ्यात होता. म्हणजे पाखरं घरातूनच निघाली होती. तरी मी धीर धरला. भाद्रपदात भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात माझ्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, पेन्शनचे कागद आणि शेताचे जुने सातबारे होते. सेवापुस्तकाचा पुठ्ठा शाबूत, कणा शाबूत. हातात घेतलं तर वजनच वेगळं लागलं. उघडलं, तर पानांच्या जागी माती आणि मातीत अडकलेली कागदाची जाळी. १९८६ च्या नेमणुकीच्या आदेशातला फक्त गोल शिक्का उरला होता, तोही अर्धा.

त्या दुपारी मी गोधडीची सुई घेतली आणि कपाटाखालच्या भोकाचा टिकला उकरला. सुई नखाएवढी आत गेली आणि टणक लागली. दुसरं उकरलं, तेच. तिसरं, तेच. मग ओळीनं सगळी भिंत उकरत गेलो. टाइल जेमतेम खरवडली होती, त्यावर सिमेंटचा टिकला. फरशीच्या खाली, जिथं औषध जायला हवं, तिथपर्यंत एकही भोक गेलेलं नव्हतं. ती ड्रिल मशीन दिवसभर काय करत होती, देव जाणे. मला त्या क्षणी पैशांपेक्षा त्या टिकल्यांचा राग आला. इतक्या सुबक, सारख्या आकाराच्या, ओळीत लावलेल्या! एवढी मेहनत भोक पाडायला केली असती तर काम झालं असतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. त्या दोन पोरांपैकी एकानं पिचकारी खाली ठेवून, हात न धुता, सौ.नी दिलेले पोहे खाल्ले होते. ना मोजे, ना तोंडाला फडकं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून आमच्याकडचं शेंबडं पोरही कीटकनाशक म्हटलं की हात धुतं. मालकानं त्या पोराला टोकलं नाही, कारण पिचकारीत काय आहे हे मालकाला माहीत होतं.

फोन केला. सुरुवातीला उचलला. मी सांगितलं, उधळी परत आली. पलीकडून ऐकू आलेलं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "गुरुजी, ते जुनी उधळी नोहे, नवीन होय. गॅरंटी जुन्या उधळीची होती." चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या सबबी ऐकल्या, पण हिच्या तोडीची एकही नाही. त्यानंतर कधी धानाची कापणी, कधी मयत, कधी 'गावात रेंज नाही.' छापील गॅरंटी कार्ड काढलं, तर त्यावर पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, औषधाचं नाव नाही. वाघाचं चित्र मात्र आहे.

आता ज्यांना अजून हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी. मी हे नंतर कृषी केंद्रवाल्याकडून, चंद्रपूरच्या एका निवृत्त अभियंत्याकडून आणि स्वतः वाचून शिकलो. त्या माणसानं शिकवलं असं त्याला वाटायला नको.

वासावर जाऊ नका. हल्ली घरात जे औषध जास्त वापरतात ते इमिडाक्लोप्रिड, ३०.५ टक्के. त्याला जवळजवळ वास नसतो. आणि ते हळू काम करतं. उधळीला कळत नाही, ती त्यातून जाते, अंगावर घेऊन वारुळापर्यंत नेते. म्हणजे डोळ्यांसमोर पटापट मरणारी उधळी हा चांगल्या कामाचा पुरावा नाही. तसा तमाशा साधं रॉकेलही करून दाखवतं. क्लोरपायरीफॉस २० टक्के वापरणारेही आहेत; त्याला उग्र वास येतो. त्यात एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी हे घरासाठीचं प्रमाण. घरात विहीर असेल तर आधी तेच सांगा आणि विहिरीजवळ काही टाकू देऊ नका.

भोकांचा हिशेब भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात आहे, तो बांधून झालेल्या घरांसाठीच आहे. भिंत आणि फरशी जिथं भेटतात त्या सांध्यावर १२ मिलिमीटरची भोकं, ३०० मिलिमीटरवर एक, म्हणजे साधारण फुटाला एक. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी शोषलं जाईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. आता गणित करा. दोनशे फूट भिंत असेल तर दोनशे भोकं आणि दोनशे लिटरपर्यंत पाणी. इमिडाक्लोप्रिड लिटरला २.१ मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास औषध हवं. आमच्याकडे त्यानं मोरीतून दोन बादल्या पाणी नेलं होतं. बादल्या मोजायच्या, एवढंच. चौकटीच्या लाकडाला वेगळं काम: सहा मिलिमीटरची तिरपी भोकं, १५० मिलिमीटरवर, आणि त्यात पाण्यात नाही, तेलात कालवलेलं औषध.

बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. सील, बॅच नंबर, मुदतीची तारीख, मोबाईलनं फोटो. भोक पाडल्यावर औषध घालायच्या आधी कुठल्याही दोन-चार भोकांत सळई घालून बघा. फरशीचा थर ओलांडून ती खालच्या मातीत गेली पाहिजे. कारागिराला राग आला तर येऊ द्या. ज्याचं काम खरं आहे त्याला राग येत नाही, हे मी दुसऱ्या माणसाकडून काम करवून घेतलं तेव्हा पाहिलं. त्यानं सळई स्वतःच माझ्या हातात दिली.

परवाना विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याखाली अशी कामं करणाऱ्याला कृषी खात्याचा परवाना लागतो. दाखवायला सांगितला की बरेच जण 'उद्या आणतो' म्हणतात आणि उद्या येत नाहीत. तेही एक बरंच.

सागवानाबद्दलही बोलतो, कारण सगळे तेच ऐकवतात: "गुरुजी, तुमच्या घरी तं सागाच्या चौकटी, तुमाले कायची उधळी?" आमच्या जंगलाचा साग मोठ्या मानाचा आहे, कबूल. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी तो २९ मार्च २०२३ ला बल्लारपुरातून वाजतगाजत गेला. पण मंदिराला गेला तो गाभा. उधळी ज्याला टाळते ती गाभ्यातली तेलकट द्रव्यं. सालीजवळचा पांढरट भाग म्हणजे तिच्यासाठी ताटात वाढलेलं जेवण. कोवळ्या झाडाच्या चिराणात तो पांढरा भाग भरपूर असतो आणि पॉलिश केलं की दिसत नाही. चौकट घ्यायची तर आरामशीनवर पॉलिशच्या आधी बघा, कडेला पांढरी पट्टी असेल तर ती जमिनीकडच्या टोकाला येऊ देऊ नका. माझ्या चौकटी नव्वदच्या दशकातल्या आहेत, चांगल्या आहेत; देवघराची तेवढी नंतर बसवलेली, आणि ती कोणी आणली यावर घरात अजून एकमत नाही.

बाकी नेहमीचं. जळाऊ लाकडाची गंजी भिंतीला टेकवून ठेवू नका. तणस, पालापाचोळा, जुने पुठ्ठे घराच्या पायाशी साठू देऊ नका. मोरीचा पाइप गळत असेल तर आधी तो नीट करा. ओल असेल तिथं उधळी येणारच. महत्त्वाचे कागद लोखंडी पेटीत, तीही जमिनीवर नाही. दर पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी. नातेवाइकांना विचारून माणूस लावा, असंही लोक सांगतात. मी ज्या शेजाऱ्याकडून याला उचललं तो माझा नातेवाईकच होता.

तक्रारीचं असं, की चंद्रपूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. आधी १९१५ वर फोन करून नोंद करता येते. सोबत गॅरंटी कार्ड, फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा लागतो. उकरलेल्या भोकांचे फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे खोली दिसते. रोख दिलेल्या सात हजारांचा माझ्याकडे काहीही कागद नाही. पावती 'काम झाल्यावर' मिळणार होती. टिकला आहे तो फक्त धाकट्यानं ऑनलाइन पाठवलेल्या पैशांचा पुरावा, आणि तेव्हापासून तो मला फोनवर रोज एकदा तरी सांगतो की बाबा, बघा, मी ऑनलाइन दिले म्हणून वाचलो.