एका मैदानाच्या दोन बाजू

प्रास्ताविक

शहराचा इतिहास आपण पुस्तकात वाचतो. तोच इतिहास रस्त्याच्या दुतर्फा दगड, लाकूड, लोखंड आणि सिमेंट यांच्या रूपाने उभाही असतो. बसच्या खिडकीतून तो डोळ्यांसमोरून निघून जातो. पायी चालणाऱ्याला मात्र थांबता येते, मान वर करून पाहता येते, प्रश्न विचारता येतात. या पाठात आपण मुंबईतील एका छोट्याशा परिसराची पदयात्रा करणार आहोत. हुतात्मा चौकापासून चर्चगेट स्थानकापर्यंतचे हे अंतर एरवी पंधरा-वीस मिनिटांत चालून होते. पाहत पाहत चालले, तर दोन तासही अपुरे पडतात.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• इमारतीकडे पाहून तिचा काळ, साहित्य व उपयोग यांविषयी अनुमान करू शकाल;
• गॉथिक व आर्ट डेको या दोन वास्तुशैलींतील फरक सांगू शकाल;
• वास्तुवारशाच्या जतनात नागरिकांचा वाटा स्पष्ट करू शकाल;
• आपल्या गावातील वा शहरातील एखाद्या वास्तूचे वर्णन लिहू शकाल.

मूळ पाठ

मुंबईच्या दक्षिण भागाला 'फोर्ट' म्हणतात. परंतु तेथे किल्ला शोधू गेल्यास तो सापडत नाही. इंग्रजांच्या वसाहतीभोवती पूर्वी तटबंदी होती आणि तिला मोठे दरवाजे होते. सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या दरवाजाला 'चर्चगेट' असे नाव पडले होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात ही तटबंदी पाडण्यात आली. दरवाजा गेला, पण त्याचे नाव मागे राहिले आणि पुढे ते रेल्वे स्थानकाला मिळाले. त्या दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. याच चौकात संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील हुतात्म्यांचे स्मारक आहे. एकाच ठिकाणी नाहीसा झालेला दरवाजा, परकीय सत्तेच्या काळातील कारंजे आणि स्वतंत्र भारतातील लोकलढ्याची खूण असे इतिहासाचे तीन थर येथे आढळतात.

चौकातून पश्चिमेकडे वळले की थोड्याच अंतरावर ओव्हल मैदान लागते. एवढ्या दाटीच्या शहरात ही मोकळी जागा राहिली कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर तोफांमध्ये आहे. शत्रू चालून आल्यास तटावरून तोफांचा मारा करता यावा, म्हणून किल्ल्याबाहेरचा पट्टा मोकळा ठेवलेला असे. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने त्या पट्ट्याचेच उरलेले भाग होत. युद्धासाठी राखलेल्या जागेवर आज मुले क्रिकेट खेळतात.

मैदानाच्या मधोमध उभे राहून प्रथम पूर्वेकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर जुने सचिवालय, विद्यापीठाचे सभागृह, ग्रंथालय व राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या इमारती ओळीने उभ्या आहेत. त्या १८७० च्या दशकात पूर्ण झाल्या. टोकदार कमानी, उतरती छपरे, उंच मनोरे आणि दगडात कोरलेली पाने, फुले व प्राणी ही गॉथिक शैलीची लक्षणे त्यांत ठळकपणे दिसतात. मध्ययुगीन युरोपातील चर्चवास्तूंची ही शैली एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा लोकप्रिय झाली आणि राज्यकर्त्यांबरोबर येथे आली.

मात्र या इमारती केवळ परक्या आहेत, असे म्हणता येणार नाही. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे लंडनमधील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. ते स्वतः मुंबईत कधीच आले नाहीत. त्यांनी कागदावर रेखाटलेले येथे प्रत्यक्षात उतरवले, ते येथील कारागिरांनी. बांधकामाचा दगड कुर्ल्याच्या खाणीतला, तर कोरीव कामाचा पोरबंदरचा. पैसाही येथलाच. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत संपत्तीचा ओघ सुरू झाला. त्या व्यापारात अग्रेसर असलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी देणगी दिली. सुमारे ८५ मीटर उंचीचा हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव देण्यात आले. पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांतील माणसांच्या मूर्ती या मनोऱ्यावर कोरलेल्या आहेत. शेजारच्या उच्च न्यायालयाच्या एका खांबावर तर हातात तराजू धरलेले माकड कोरलेले आहे! अशा गोष्टी धावत्या वाहनातून दिसत नाहीत.

आता या इमारतींचे रुंद व्हरांडे पाहा. ते पश्चिमेकडे का उघडतात? या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा समोर, मैदानापलीकडे, समुद्र होता. त्याचा वारा थेट आत यावा आणि भिंती उन्हापासून झाकलेल्या राहाव्यात, ही व्हरांड्यांमागची दृष्टी होती. इंग्लंडच्या थंड हवेत वाढलेल्या शैलीला मुंबईच्या दमट हवेपुढे असे नमते घ्यावे लागले.

मग तो समुद्र गेला कुठे? याचे उत्तर मिळवण्यासाठी पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहावे. १९२० च्या दशकात बॅकबे येथे भराव घालून समुद्र मागे हटवण्यात आला आणि नव्या जमिनीवर, आजच्या महर्षी कर्वे मार्गालगत, १९३० च्या दशकात निवासी इमारतींची रांग उभी राहिली. तिची शैली आर्ट डेको या नावाने ओळखली जाते. येथे मनोरे नाहीत, दगडी कोरीव काम नाही. लोखंडी सळया घातलेल्या सिमेंट काँक्रीटमुळे भिंतींना व सज्जांना हवे तसे गोलाकार वळण देता आले. खिडक्यांवर भुवयांसारखे दिसणारे छज्जे आहेत. ते ऊन-पाऊस अडवतात. काही ठिकाणी जहाजाची आठवण करून देणारे कठडे आणि गोल झरोके आढळतात. दर्शनी भागावर इमारतीचे नाव ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. त्यांतील एका इमारतीचे नाव आहे 'कोर्ट व्ह्यू', म्हणजे जेथून न्यायालय दिसते ती. समोरच्या शेजाऱ्याची दखल अशी नावातच घेतलेली आहे.

दोन्ही बाजूंमधील फरक केवळ शैलीचा नाही. पूर्वेकडील इमारती शासन, न्याय आणि विद्या यांच्या आहेत. त्या पाहणाऱ्यावर छाप पाडतात. पश्चिमेकडील इमारती राहण्यासाठी आहेत. त्यांचे आराखडे करणाऱ्यांत भारतीय वास्तुरचनाकारांची नवी पिढी पुढे आली होती. साठ वर्षांच्या अंतराने शहराच्या गरजा, साहित्य आणि माणसे कशी बदलली, हे एका मैदानात उभे राहून समजते.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या इमारतींना आपण आज वारसा म्हणतो, त्या एके काळी नव्याच होत्या. भरावावरील रांगेने तर जुन्या इमारतींसमोरचा समुद्र कायमचा झाकला. म्हणजे नवे ते वाईट आणि जुने ते चांगले, असा सरळ निवाडा करता येत नाही. प्रश्न असा आहे की, काय राखावे आणि ते कोणी ठरवावे?

मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ मध्ये नियमावली लागू झाली. भारतातील शहरांमध्ये अशी ही पहिलीच नियमावली होती. परंतु केवळ नियमाने इमारत टिकत नाही. जवळच्याच काळाघोडा परिसरातील, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेली वॉटसन हॉटेलची इमारत हे त्याचे उदाहरण होय. १८९६ मध्ये भारतातील पहिला चित्रपट-खेळ तेथे झाला होता. तीच वास्तू जीर्ण होत गेली आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. याउलट, चर्चगेटसमोरील १९३८ चे इरॉस चित्रपटगृह २०१७ मध्ये बंद पडले होते. ते २०२४ मध्ये नव्या पडद्यासह पुन्हा सुरू झाले. जी वास्तू वापरात राहते, तिची निगा राखली जाण्याची शक्यता अधिक असते.

ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हवरील अशा ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्यासाठी परिसरातील रहिवाशांच्या संघटना आणि वास्तुरचनाकार यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. ज्यांनी आपल्या दारासमोरच्या इमारतींकडे लक्षपूर्वक पाहिले, त्यांनाच त्यांचे मोल पटवून देता आले.

मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांना भाऊराव पाटील आणि धोंडो केशव कर्वे यांची नावे आहेत. एकाने ग्रामीण, गरीब मुलांना आणि दुसऱ्याने स्त्रियांना शिक्षणाचे दार उघडून दिले. वास्तू वाचण्याची विद्याही अशीच सर्वांसाठी खुली आहे. तिला शुल्क लागत नाही. तुम्ही बडोद्यात असा, इंदूरला, हैदराबादेत किंवा तंजावरात. पायी निघा आणि प्रत्येक इमारतीला चार प्रश्न विचारा : तू कधी बांधली गेलीस? कशाने? कोणाच्या पैशाने? आणि कोणासाठी?

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) फ्लोरा फाउंटन ............ मध्ये उभे राहिले.
(आ) राजाबाई मनोऱ्याची उंची सुमारे ............ मीटर आहे.
२. ओव्हल मैदानाची जागा मोकळी का राहिली?
३. जुन्या इमारतींचे व्हरांडे पश्चिमेकडे उघडण्याचे कारण कोणते?

शब्दार्थ

तटबंदी – किल्ल्याभोवतीची संरक्षक भिंत. सज्जा – इमारतीबाहेर काढलेली गॅलरी. छज्जा – खिडकीवरील पुढे आलेली पडदी. झरोका – हवा-उजेडासाठीची लहान खिडकी. जीर्ण – जुनी होऊन मोडकळीस आलेली. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय

१. गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींची प्रत्येकी तीन वैशिष्ट्ये लिहा.
२. 'केवळ नियमाने इमारत टिकत नाही' हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
३. 'नवे ते वाईट आणि जुने ते चांगले' या मताविषयी तुमचे विचार आठ-दहा ओळींत मांडा.

उपक्रम

आपल्या परिसरातील एक जुनी व एक नवी इमारत पायी जाऊन पाहा. इमारतीत शिरण्यासाठी परवानगी लागत असल्यास ती घ्या, अन्यथा बाहेरूनच निरीक्षण करा. पश्चिमाभिमुख इमारत दुपारनंतर आणि पूर्वाभिमुख इमारत सकाळी पाहिल्यास बारकावे स्पष्ट दिसतात. तेथील जुन्याजाणत्या व्यक्तींशी बोला. वरील चार प्रश्नांची मिळालेली उत्तरे आपल्या वहीत लिहा.