सर्पगंधेचे मूळ आणि मनाची धास्ती

छातीत धडधड, रात्री डोळ्याला डोळा नाही आणि काहीतरी विपरीत घडणार अशी अहोरात्र धास्ती, ही कैफियत सांगून झाल्यावर पुष्कळ रुग्ण, गोळीऐवजी एखादी निरुपद्रवी वनस्पती द्या, असा आग्रह धरतात. वनस्पतींत मनावर अंमल करणारी द्रव्ये असतात याविषयी मला तिळमात्र संशय नाही. परंतु ज्याचा अंमल मनावर चालतो त्याचा उपद्रवही संभवतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सर्पगंधेचेच पाहा. बिहारात वेडावरील औषध म्हणून परंपरेने दिल्या जाणाऱ्या या कडू मुळाचा उन्माद व रक्तदाब यांवरील गुण कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव मांडून पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्याकडे वेधले, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपीन हे द्रव्य पृथक केले. सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन आदी द्रव्ये मज्जातंतूंच्या टोकांशी साठवून ठेवण्याची जी व्यवस्था असते, तीच रेसरपीन बंद पाडते; साठा हळूहळू रिता होतो, क्षोभ शमतो, नाडी मंदावते, नाकही चोंदते. मात्र मात्रा वाढली, किंवा प्रकृती मुळातच विषादाकडे झुकणारी असली, तर काही रुग्णांना गाढ औदासीन्य ग्रासते, आणि औषध थांबवल्यावरही त्याचा अंमल तत्काळ उतरत नाही. सबब धास्तीसाठी मी सर्पगंधा देत नाही, आणि तिची भुकटी कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा, त्या मानाने सौम्य. काही आठवड्यांच्या लहान चाचण्यांत तिने धास्ती व निद्रानाश उणावल्याचे आढळले आहे. तथापि गर्भवतींनी, थायरॉइडच्या वा यकृताच्या रुग्णांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती विचारल्यावाचून घेऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर ती तत्क्षणी बंद करून रक्त तपासून घ्यावे.

चालू असलेली गोळी मात्र झाडपाल्याच्या भरवशावर एकाएकी सोडू नका, कारण तशाने धास्ती दुणावते आणि क्वचित आकडीही येते. दवाखान्यात येताना पुडी, डबी, काढ्याची बाटली, जे काही घेत असाल ते बरोबर आणावे. आणि जीव नकोसा वाटू लागला असेल, तर कोणत्याही मुळीच्या गुणाची वाट न पाहता त्याच दिवशी यावे.