भोजने मत्तञ्ञुता : धम्मपरंपरेतील आरोग्यविचार

आयुर्वेद हा शब्द उच्चारला की आपल्या समाजातील अनेक सुशिक्षितांच्या कपाळावर आठी उमटते. ती निराधार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यकाची दीक्षा तीन वर्णांपुरती सांगितली आहे. शूद्रास मंत्र वगळून शिकवावे, हे केवळ काहींचे मत म्हणून नोंदविले आहे. अस्पृश्यांचा तर तेथे प्रश्नच नव्हता. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न अभक्ष्य ठरविले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला वगळले. रोग्याची जखम धुणारा हात वर्णव्यवस्थेला विटाळाचा वाटला. भिक्खुसंघात मात्र तोच हात आदरणीय ठरला. अतिसाराने ग्रस्त होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले आणि उचलून मंचकावर निजविले, ही घटना विनयपिटकातील महावग्गात आली आहे. केनेथ झिस्क या संशोधकाने 1991 सालच्या आपल्या ग्रंथात आयुर्वेदाच्या घडणीतील श्रमणांचे व बौद्ध विहारांचे योगदान सविस्तर मांडले आहे. तेव्हा हा वारसा सरसकट नाकारणे म्हणजे आपलीच मिळकत दुसऱ्याच्या नावे करून देणे होय.

महावग्गातील ‘भेसज्जक्खन्धक’ हा भाग औषधांविषयीचा आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे उसाची काकवी, ही पाच औषधे तेथे प्रथम येतात. त्याच प्रकरणात यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत : ती भूक व तहान शमविते, वात सरळ करते, मूत्राशय शुद्ध ठेवते, न पचलेले अन्न पचविते. तापातून उठलेल्या नातवंडाला मीठ घालून पेज पाजणाऱ्या आपल्या आजीने विनयपिटक वाचले नव्हते, पण तिचा हात त्याच परंपरेतला होता.

या सर्व विचाराचा गाभा ‘भोजने मत्तञ्ञुता’ या पाली शब्दांत आहे. भोजनाची मात्रा जाणणे, हा त्याचा अर्थ. संयुत्त निकायातील द्रोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भाताचे भोजन करून धापा टाकीत बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला मिताहाराविषयी एक गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कार्षापण देऊन जेवणाच्या वेळी ती गाथा म्हणावयास लावतो आणि हळूहळू नाळीभर भातावर येतो. येथे उपासतापास नाही, नवस नाही. ताट समोर आले की कोणीतरी आठवण करून द्यावयाची, एवढाच उपाय आहे. चरकसंहितेतही विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन आहारासाठी, एक द्रवासाठी व एक वात-पित्त-कफांसाठी ठेवावा, असे सांगितले आहे.

मात्रा ही उपाशी माणसाला सांगण्याची गोष्ट नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. आपल्या आजोबांपुढे किती खावे हा प्रश्न नव्हता. संध्याकाळी चूल पेटेल काय, हा होता. शिक्षण आणि नोकरी आली तशी एका पिढीत ज्वारीची भाकरी मागे पडली, तळलेले व गोड पुढे आले, अंगमेहनत संपली. आज ज्याच्या-त्याच्या घरी मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या दिसतात. आणखी एक गैरसमज असा की, आयुर्वेद म्हणजे शाकाहार. चरकाने मांसरसाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. आपल्या ताटाविषयी कोणी लाज बाळगण्याचे कारण नाही; प्रमाण मात्र पाहावे.

आहाराइतकेच महत्त्व चरकाने निद्रेला दिले आहे. शरीराच्या तीन आधारांत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांची गणना होते. दिवसा झोपणे त्याला एरवी उन्हाळ्याखेरीज मान्य नाही. पण ओझी वाहून, दूर चालून किंवा अध्ययनाने थकलेल्यांना तो सर्व ऋतूंत सवलत देतो. हमालाला आणि विद्यार्थ्याला एकाच यादीत बसविणारे हे वाक्य मला फार मोलाचे वाटते.

येथे एक नाजूक विषय काढतो. जयंतीनिमित्त आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. वर्षातून एक दिवस ते अभिवादन म्हणून योग्यच आहे. परंतु काही पालक तोच मुलांचा रोजचा नेम करू पाहतात. बाबासाहेबांनी रात्री जागविल्या, कारण कोट्यवधींचे काम एकट्याच्या खांद्यावर होते. त्यांच्या देहाने त्याची किंमतही मोजली. मधुमेहाने त्यांना जर्जर केले होते. 1948 साली विवाहानंतर डॉ. सविता आंबेडकर यांनी त्यांच्या पथ्यपाण्याची व औषधांची जबाबदारी घेतली, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. दहावीच्या वर्गात पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा आळशी नसतो. बहुधा रात्री दोनपर्यंत जागलेला असतो, कधी पुस्तकापायी, अलीकडे बहुधा मोबाइलपायी.

कालामांना बुद्धांनी ग्रंथप्रामाण्य नाकारावयास शिकविले. तोच निकष आयुर्वेदालाही लावावा. पाच भेसज्जांतील मध व काकवी मधुमेह्याला अपायकारक आहेत. दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या चूर्णासाठी डॉक्टरांची गोळी बंद करू नये. काही भस्मांत शिसे व पारा असतो, म्हणून तज्ज्ञाच्या सल्ल्याविना ती घेऊ नयेत. पेज, चालणे आणि वेळेवर झोप यांना मात्र दुकानाची गरज नाही.

वसतिगृहात मुलांना भेटावयास येताना पालकांनी वेफर्सच्या पुड्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणावीत. सुट्टीत मुलगा घरी आला की रात्री दहाला त्याचा मोबाइल आपल्या उशाशी ठेवावा, आणि आपलाही बंद करावा.